पट्टी काढा, भिंत सांभाळा

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. गावात घरोघरी रंगाचे काम निघाले होते. एके दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी आमच्या दारात आल्या. त्यांच्या हातात विळा होता.

"गुरुजी, भिंतीवर वायर धरून ठेवणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढायच्यात. रंगवाला उद्या येतोय. इळ्यानं खरवडून टाकू का?"

मी म्हटले, "थांबा वहिनी. विळा आधी घरात ठेवा. माझी भिंत बघा, मग ठरवा."

माझ्या ओसरीच्या भिंतीवर भाकरीएवढा एक खड्डा बुजवलेला आहे. त्याचा रंग आजही वेगळा दिसतो. मागे एकदा मी अशीच एक पट्टी पकडीत धरली आणि जोराने ओढली. पट्टी निघाली, पण तिच्याबरोबर गिलाव्याचा पोपडाही निघाला. दोन रुपयांच्या पट्टीपायी गवंड्याची मजुरी द्यावी लागली. तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो. घट्ट बसलेली वस्तू ओढायची नाही. ती कशी बसली आहे हे आधी पाहायचे.

ही पट्टी कशी धरते?

या पट्टीला दुकानात केबल टाय म्हणतात. ती नायलॉनची असते. १९५८ साली ती अमेरिकेत निघाली. विमानात तारांचे मोठे जुडगे असतात. पूर्वी कामगार मेण लावलेल्या दोऱ्याने त्यांना एकेक गाठ मारीत. त्या कामात बोटे दुखून येत. म्हणून ही पट्टी काढली. आज ती घरात, मोटारसायकलवर, पंपाच्या पेटीत, सगळीकडे दिसते.

पट्टी हातात घेऊन नीट बघा. तिच्या अंगावर करवतीसारखे बारीक दाते आहेत. एका टोकाला चौकोनी डोके आहे. डोक्याच्या आत एक लहान जीभ आहे. पट्टी आत सरकते तेव्हा जीभ मागे दबते. पट्टी मागे ओढली की जीभ दात्यात अडकते. म्हणून ओढून ती सुटत नाही. जीभ उचलली तरच सुटते.

भिंतीवर या पट्टीखाली एक लहान बैठक असते. ती दोन तऱ्हेची असते. एक चिकटवलेली, दुसरी स्क्रूने बसवलेली.

आधी वीज बंद

वहिनी म्हणाल्या, "मग लागू या का कामाला?"

मी म्हटले, "आधी वीज. घरातली वीज २३० व्होल्टची असते. तिला लहानथोर कळत नाही."

आम्ही घरातल्या एका सॉकेटात टेस्टर लावून पाहिला. तो पेटला. म्हणजे टेस्टर चांगला होता. मग मेन स्विच बंद केला. त्याच सॉकेटात पुन्हा टेस्टर लावला. आता तो पेटला नाही. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे, त्यांनी तोही बंद करावा. नाहीतर मेन बंद असूनही तारेत वीज राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार आपल्या मेन स्विचने बंद होत नाही. तिच्यावरच्या पट्ट्यांना हात लावू नका. ते काम वीज कंपनीच्या माणसाचे.

मग मी वहिनींना म्हटले, "आता पाटी नाहीतर कागद आणा. तुमच्या हातानं लिहा."

वहिनी रात्रीच्या वर्गाला येतात. त्यांना जोडाक्षरे अजून जड जातात. तरी त्यांनी वहीचा कागद फाडला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले :

काम चालू आहे. मेन लावू नका.

तो कागद आम्ही मेन स्विचवर दोऱ्याने टांगला.

पट्टी सोडवण्याची रीत

पायात कोरडी चप्पल घालून वहिनी लाकडी स्टुलावर चढल्या. मी खालून सांगत होतो.

"पट्टीचं डोकं बघा. आत जीभ दिसते ना? बारीक टोकाचा पेचकस जिभेच्या आणि दात्यांच्या मधे घाला. जीभ हळूच उचला. आता दुसऱ्या हातानं पट्टी मागं सरकवा."

पहिल्या खेपेला जमले नाही. दुसऱ्या खेपेला पट्टी सरसर मागे आली. वहिनी हसल्या. "अहो, ही तर अख्खी निघाली! परत वापरता येईल."

उन्हातली पट्टी मात्र जुनी झाली की ठिसूळ होते. ती अशी सरकत नाही, तुकडे पडतात. ती कापावी लागते. पण विळा, सुरी, ब्लेड घेऊ नका. एक तर हात कापतो, नाहीतर तार कापते. नखे काढायचे नेलकटर घ्या. पट्टी डोक्याजवळ, तारेपासून लांब असलेल्या बाजूला थोडी थोडी कुरतडा.

कागदाने काय केले?

तिसरी पट्टी निघाली आणि वहिनी थबकल्या. "गुरुजी, इथं काय पिवळं चमकतंय?"

ते तांबे होते. मागे कोणीतरी तिथली पट्टी सुरीने कापली असावी. तारेवरच्या वेष्टनाला छेद गेला होता. वरून नवी पट्टी बांधल्यामुळे तो झाकला गेला. वहिनींचे बोट त्या जागेपासून दोन बोटांवर होते.

तेवढ्यात त्यांचे दीर शेतातून आले. मोबाईल चार्जिंगला लावायचा होता. "लाईट कशी नाही?" असे म्हणत ते थेट मेन स्विचकडे गेले. त्यांचा हात वर गेला. समोर कागद लोंबत होता. त्यांनी तो वाचला आणि हात खाली घेतला.

घरात क्षणभर कोणी बोलले नाही. मग दीर म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही लिहिलं?"

वहिनींनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या तारेला आम्ही चिकटपट्टी गुंडाळली नाही. मेन बंदच ठेवला. दुपारी वायरमन आला. त्याने खराब तार काढून नवी टाकली. मगच वीज लावली. बैठका काढायचे काम संध्याकाळी पुन्हा मेन बंद करून, पुन्हा कागद टांगून केले.

बैठक काढण्याची रीत

चिकटवलेल्या बैठकीमागे मऊ फोमची चकती असते. तिच्या दोन्ही अंगांना डिंकासारखा चिकट पदार्थ असतो. ऊब लागली की तो सैल पडतो.

आधी तार बाजूला घ्यावी. गरम पाण्यात फडके बुडवून घट्ट पिळावे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे. म्हणजे भिंत भिजत नाही. ती पिशवी बैठकीवर दोन-तीन मिनिटे दाबून धरावी. मग मासे धरायच्या गळाचा नायलॉन दोरा घ्यावा. बैठक आणि भिंत यांच्या मधे तो घालून करवतीसारखा मागेपुढे ओढावा. फोम कापला जातो आणि बैठक हातात येते. दोरा अडला तर पुन्हा ऊब द्यावी. जोर करू नये.

भिंतीवर राहिलेला फोम अंगठ्याने चोळून गुंडाळ्या करून काढावा. ऑइलपेंट, फरशी किंवा पत्रा असेल तर खोबरेल तेलाचा बोळा फिरवावा आणि साबणाच्या पाण्याने पुसावे. डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीला तेल लावू नये. डाग आत मुरतो आणि वरचा रंगही धरत नाही.

बैठक स्क्रूची असेल तर स्क्रू डावीकडे फिरवून काढावा. मागची गिट्टी ओढू नये. ती ओढली की गिलावा सुटतो. गिट्टी आत ठेवून वरून पुट्टी भरावी.

दुसऱ्या दिवशी रंगवाला आला. भिंतीवर एकही खड्डा नव्हता. वहिनींनी तो कागद मात्र फेकला नाही. तो आता मेन स्विचशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. काम निघाले की स्विचवर येतो, काम संपले की खिळ्यावर जातो.

लक्षात ठेवा

१. वीज बंद करा, टेस्टरने पाहा, कागद टांगा. मग हात लावा.
२. पट्टी ओढू नका. जीभ उचला.
३. तांबे दिसले तर काम थांबवा. वायरमनला बोलवा.
४. चिकटलेल्या बैठकीला ऊब द्या आणि दोऱ्याने कापा.

सांगा पाहू

१. गुरुजींच्या भिंतीला खड्डा का पडला?
२. मेन बंद करण्याआधी टेस्टर का लावून पाहिला?
३. कोणती तार मेन स्विचने बंद होत नाही?
४. डिस्टेंपरच्या भिंतीला तेल का लावू नये?

लिहा

तुमच्या घरच्या मेन स्विचवर टांगण्यासाठी एक कागद मोठ्या अक्षरांत लिहा. घरातल्या सगळ्यांना तो वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही, त्याला त्याचा अर्थ सांगा.