अणुकेंद्राचा ठाव : कुलाब्याच्या वेगवर्धकापासून मुलचेऱ्याच्या वर्गापर्यंत

अणूच्या मध्यभागी धन विद्युत् भार असलेले अणुकेंद्र असते व त्याभोवती इलेक्ट्रॉन असतात, हे माध्यमिक शाळेतील विद्यार्थी पाठ करतो. परंतु जे केंद्र आजवर कोणाच्याही दृष्टीस पडलेले नाही, त्याचे अस्तित्व व आकारमान कळले कसे, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. वस्तुतः विज्ञानशिक्षणाचे मर्म याच प्रश्नात आहे. त्याचे उत्तर ‘प्रकीर्णन’ या एका शब्दात सामावलेले आहे. लक्ष्यावर कणांचा मारा करावयाचा, ते कोणकोणत्या दिशांना विखुरतात याची मोजदाद करावयाची आणि त्या आकड्यांवरून लक्ष्याचे स्वरूप ठरवावयाचे, अशी ही रीत आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यासारख्या वनप्रदेशातील विद्यार्थ्याला ही रीत समजण्यास अवघड नाही. समजा, अंधाऱ्या रात्री एखादा मनुष्य सागवनाच्या कडेला उभा राहून, निशाणा न धरता, समोर दगड फेकीत राहिला. काही दगड खोडांवर आपटल्याचा आवाज येईल. उरलेले झाडांमधून निघून जातील. शंभर दगडांपैकी किती आपटले हे मोजले, तर एकही झाड न पाहता खोडे किती जाड व किती दाट आहेत, याचा अदमास बांधता येईल.

रदरफर्ड यांचा निष्कर्ष

१९०९ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे गायगर व मार्सडेन यांनी धातूच्या अत्यंत पातळ पत्र्यावर आल्फा कणांचा मारा केला. अंधाऱ्या खोलीत बसून, पडद्यावर उमटणारे प्रकाशाचे सूक्ष्म ठिपके ते डोळ्यांनी मोजीत. बहुतेक कण सरळ पार गेले. परंतु सुमारे ८,००० कणांत एखादा कण मागे उलटला. अणूमध्ये विद्युत् भार सर्वत्र पसरलेला असता, तर असे घडणे शक्य नव्हते. यावरून अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान मध्यभागी एका अतिशय लहान जागेत एकवटले आहे, असा निष्कर्ष अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ साली मांडला. सोन्याचे अणुकेंद्र गोटीएवढे मानले, तर त्याच प्रमाणात सोन्याचा अणू सुमारे ३०० मीटर व्यासाचा होईल.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. दगड खोडाला प्रत्यक्ष आपटतो. आल्फा कण मात्र केंद्राला स्पर्श न करताच वळतो, कारण दोहोंवर धन भार असल्यामुळे ते परस्परांना दूर लोटतात. या प्रतिसारणाचा जणू एक बांधच केंद्राभोवती असतो. कणाची ऊर्जा वाढवीत नेली की तो बांधाच्या माथ्यापर्यंत पोचतो आणि केंद्राच्या पृष्ठभागाशी त्याचा संबंध येतो. तेव्हा मोजलेले आकडे रदरफर्ड यांच्या सूत्राशी जुळेनासे होतात. सूत्र जेथे चुकू लागते, तेथेच केंद्राच्या आकारमानाचा पत्ता लागतो. म्हणूनच अधिक ऊर्जेचे कण देणाऱ्या वेगवर्धकांची गरज भासली.

कुलाब्याचा पेलेट्रॉन

असा एक वेगवर्धक महाराष्ट्रातच आहे. मुंबईत कुलाबा येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात ती संस्था व भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी संयुक्तपणे उभारलेला ‘पेलेट्रॉन’ १९८८ च्या डिसेंबरअखेर कार्यान्वित झाला. संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा यांचे नाव प्रकीर्णनाशी आधीपासूनच जोडलेले आहे. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर प्रकीर्णनाविषयीचे त्यांचे गणित १९३६ साली प्रसिद्ध झाले आणि ही प्रक्रिया आज जगभर ‘भाभा प्रकीर्णन’ या नावाने ओळखली जाते.

पेलेट्रॉनची रचना मोठी मार्मिक आहे. उंच मनोऱ्यात वायूने भरलेली एक उभी टाकी आहे. तिच्या मध्यावर, धातूच्या गोळ्यांच्या साखळीने विद्युत् भार वाहून नेऊन, १ कोटी ४० लक्ष व्होल्टपर्यंत धन दाब निर्माण करण्याची योजना आहे. वरून सोडलेले ऋण आयन या धन दाबाकडे खेचले जातात. मध्यावर एका अतिशय पातळ पडद्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळून पडतात व ते धन आयन बनतात. मग तोच दाब त्यांना खाली दूर लोटतो. एकाच दाबाचा असा दोनदा लाभ मिळतो. त्यानंतर हे आयन लक्ष्याच्या पातळ पत्र्यावर आदळतात आणि सभोवार मांडलेली अभिज्ञातक उपकरणे विखुरलेल्या कणांची नोंद करतात. कणांची ऊर्जा आणखी वाढविण्यासाठी शिशाचा मुलामा दिलेल्या व द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या अतिसंवाहक पात्रांचा दुसरा टप्पा २००७ साली पूर्ण झाला.

या संशोधनाचा देशाच्या ऊर्जाप्रश्नाशी निकटचा संबंध आहे. केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम विपुल आहे. थोरियमपासून युरेनियम-२३३ हे इंधन तयार होताना मध्ये प्रोटॅक्टिनियम-२३३ हा पदार्थ निर्माण होतो. सुमारे २७ दिवसांत तो निम्मा नाहीसा होतो व तीव्र किरणोत्सर्गही करतो; त्यामुळे त्याचे लक्ष्य बनवून न्यूट्रॉनांचा मारा करणे अतिशय कठीण असते. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी थोरियमवर लिथियमचे आयन आदळविले. लिथियमचा एक भाग थोरियमला मिळतो व दुसरा भाग आल्फा कणाच्या रूपाने बाहेर पडतो. प्रोटॅक्टिनियमने न्यूट्रॉन गिळल्यावर जे केंद्र बनले असते, तेच या मार्गाने बनते. बाहेर पडणाऱ्या कणांच्या मोजणीवरून त्याच्या भंजनाची शक्यता काढण्यात आली व ती २००८ साली प्रसिद्ध झाली.

वर्गात करावयाचा प्रयोग

या रीतीचा पाया शिक्षकांना मूठभर गोट्यांच्या साहाय्याने घालता येईल. सपाट जमिनीवर १०० सेंटिमीटर रुंदीची पट्टी खडूने आखावी. तीत एकसारख्या आकाराच्या ८ गोट्या, एकीच्या आड दुसरी येणार नाही अशा ठेवाव्यात. तशीच एक गोटी दुरून, पट्टीच्या संपूर्ण रुंदीत कोठूनही, डोळे मिटून सरळ घरंगळत सोडावी. धक्का बसला की नाही तेवढे लिहावे, हललेली गोटी जागी ठेवावी आणि हे २०० वेळा करावे. एका खेपेस दोन गोट्यांना धक्का बसला, तरी तो एकच धरावा.

समजा, ५१ वेळा धक्का बसला. दोन गोट्यांच्या मध्यबिंदूंतील आडवे अंतर एका व्यासाहून कमी असले, तरच त्यांची टक्कर होते. डावी व उजवी बाजू मिळून प्रत्येक गोटी पट्टीची दोन व्यासांइतकी रुंदी अडविते. म्हणून ५१ ला १०० ने गुणावे व २, ८ आणि २०० यांच्या गुणाकाराने, म्हणजे ३,२०० ने भागावे. उत्तर सुमारे १.६ सेंटिमीटर येते. नंतर मोजपट्टीने गोटीचा व्यास मोजून ताळा पाहावा.

निरनिराळ्या गटांची उत्तरे थोडी वेगवेगळी येतील. ती चूक समजून पुसून टाकू नयेत. सर्व गटांचे आकडे एकत्र केले, म्हणजे उत्तर अधिक विश्वसनीय होते, हे विद्यार्थ्यांना स्वतः अनुभवू द्यावे. वेगवर्धकावरील प्रयोग दिवसेंदिवस चालवावे लागतात, त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

मुलचेरा परिसरात घरी कोणी गोंडी, कोणी माडिया, कोणी बंगाली, तर कोणी मराठी बोलतो. अशा वर्गात परिभाषेच्या आधी हाताने केलेली कृती अधिक लवकर पोचते. त्यासाठी प्रयोगशाळेच्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेचे अंगण, खडू, गोट्या व वेळापत्रकातील दोन तासिका पुरेशा आहेत. शिक्षकास तेवढी मोकळीक देणे हे पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, तर शाळेला साहित्य मिळवून देणे हे पंचायत सदस्यांच्या हाती आहे. अणुकेंद्राची व्याख्या परीक्षेनंतर विस्मरणात जाऊ शकते. परंतु न दिसणाऱ्या वस्तूविषयीही मोजणी करून खात्रीलायक विधान करता येते, आणि ज्यास मोजणीचा आधार नाही ते विधान तपासल्यावाचून स्वीकारू नये, ही दृष्टी एकदा लाभली की ती विद्यार्थ्याची कायमची शिदोरी होते.