वाळूवरचे घर आणि पाण्याची रेषा

वाचन : मत्तय ७:२४-२७; लूक १४:२८-३०



दोन घरांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडला, पूरही सारखाच आला. फरक होता तो पायाचा. प्रभूचे वचन ऐकून त्याप्रमाणे वागणे म्हणजे खडकावर घर बांधणे. या दाखल्याच्या प्रकाशात आज एका सार्वजनिक प्रश्नाचा विचार करू या : पाणी वाढणार हे ठाऊक असताना गावाने व शहराने काय करावे?

१९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. तापलेले पाणी प्रसरण पावते, शिवाय वितळलेल्या बर्फाची त्यात भर पडते. जगातील पाव लोकसंख्या किनाऱ्यावर किंवा त्याच्या जवळ राहते, याची आठवण पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात करून दिली. आपल्या देशात १९९१ पासून भरतीरेषेलगतच्या बांधकामावर निर्बंध आहेत. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला.

कोणी म्हणेल, "आपण बुधवार पेठेतली माणसे. समुद्र राहिला घाटाखाली!" खरे आहे; पण मुठा नदी आपल्यापासून दूर नाही. समुद्राला जशी भरतीरेषा, तशा नदीला दोन पूररेषा असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. याचा अर्थ पूर २५ वर्षे थांबून येतो असा नाही. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. बेघर झालेल्यांसाठी पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. २५ जुलै २०२४ रोजी कोणतेही धरण फुटले नव्हते. जोरदार पाऊस आणि खडकवासल्यातून सोडलेले पाणी एवढ्यानेच सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील घरांत पाणी शिरले.

म्हणून रेषा आखणे आवश्यक आहे. पण तेवढ्याने भागत नाही. नदीकाठी झोपडी बांधणारा बहुधा दुसरीकडे जागा परवडत नाही म्हणून तेथे राहतो. भराव टाकून इमारत उभारणारा नफ्यासाठी तेथे येतो. दोघांना एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे. गरिबाला उठवायचे तर त्याच्या कामाच्या जवळ, पावसाळ्यापूर्वी, पक्के घर मिळाले पाहिजे. हाच नियम किनाऱ्यावरील कोळीवाड्यांनाही लागू आहे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू सांगतो. शहराच्या हिशेबात सर्वांत दुर्बळ घराची नोंद आधी झाली पाहिजे.

आपण काय करू शकतो? नदी किंवा ओढ्याजवळ घर घेताना पूररेषा कोठे आहे ते आधी विचारावे. ओढ्या-नाल्यात राडारोडा टाकू नये, कोणी टाकत असेल तर महापालिकेस कळवावे. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागवण्याची पद्धत सुरू केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातील पावसाळी गटारांची कामे आपण सुचवू शकतो. शेजाऱ्यावरील प्रीती अशा अर्जाच्या कागदावरही उतरू शकते.

चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या कुटुंबातील वडीलधाऱ्यांना १९६१ च्या पुराची कोणती आठवण आहे? त्या वेळी कोणी आसरा दिला?
२. आपल्या ओळखीचे कोण आज पाण्याच्या वाटेवर राहतात? पूर येण्याआधी आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो?

प्रार्थना : हे प्रभो, पाणी दारात येण्याआधी आम्हांला जागे कर आणि ज्यांना खडकावर जागा मिळत नाही त्यांच्यासाठी आमच्या शहरात जागा करण्याची बुद्धी दे. आमेन.