आधी क्रम, मग शिक्षा

एकामागून एक दोन फाउल झाले, की पंचांना मोह होतो तो फिटंफाट करून टाकण्याचा. मी जिल्हा पातळीवरच्या बास्केटबॉल सामन्यांची स्कोरशीट लिहितो. या मोहापायी एक चुरशीचा सामना टेबलासमोरच बिघडलेला मी पाहिलाय.

चौथा क्वार्टर होता. निळ्या संघाचे चार टीम फाउल भरलेले, टेबलावर लाल खूण उभी. ड्रिबल करत निघालेल्या पांढऱ्या खेळाडूच्या हातावर निळ्याच्या गार्डने फटका मारला. हा पाचवा, म्हणजे पांढऱ्यांना दोन फ्री थ्रो. पण शिट्टीनंतर त्या पांढऱ्याने चिडून गार्डला दोन्ही हातांनी ढकललं. त्याला अनस्पोर्ट्समनलाइक दिला, तो रास्तच. मग पंचांनी एकमेकांकडे बघून ठरवलं : दोघांचा एकेक, दोन्ही रद्द. पझेशन अ‍ॅरोप्रमाणे चेंडू दिला आणि खेळ सुरू.

रद्द होतात त्या सारख्या शिक्षा. इथे एकाची शिक्षा दोन फ्री थ्रो, दुसऱ्याची दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूचा ताबा. डबल फाउल म्हणावा, तर दोन्ही फाउल साधारण एकाच वेळी व्हावे लागतात. इथे एक शिट्टीआधी, एक नंतर. तेव्हा आधी पांढऱ्यांचे दोन फ्री थ्रो, मग निळ्यांचे दोन आणि त्यानंतर निळ्यांनाच पुढच्या कोर्टातल्या थ्रो-इन रेषेवरून चेंडू, असा सरळ हिशेब होता.

पहिल्या डेड बॉलला आम्ही बझर वाजवला. पंचांनी हातानेच ‘नंतर’ अशी खूण केली आणि थ्रो-इनसाठी चेंडू खेळाडूच्या हाती दिला. तिथेच दार बंद झालं. राहून गेलेले फ्री थ्रो देता येतात, पण घड्याळ सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या डेड बॉलपाठोपाठ चेंडू पुन्हा ‘लाइव्ह’ होईपर्यंतच. पुढच्या टाइम-आउटमध्ये नियमपुस्तक उघडलं, चूक सर्वांना पटली, पण उपयोग शून्य.

म्हणून नव्या पंचांना सांगतो : असा गुंता झाला की दोन्ही संघांना बेंचकडे पाठवा. प्रशिक्षकांपासून लांब उभे राहून झालेले फाउल क्रमाने मोठ्याने बोला, मग तसेच टेबलाला सांगा. स्कोरशीटवर ‘पी’, ‘टी’, ‘यू’ आणि शेजारी फ्री थ्रोंचा आकडा पडत गेला की निम्मा वाद मिटतो. त्यात टेक्निकल असेल, तर त्याचा एक फ्री थ्रो सर्वांत आधी, बाकीचं क्रमाने. खेळाडूचा टेक्निकल टीम फाउलमध्ये धरायचा, प्रशिक्षकाचा नाही. आणि ओव्हरटाइम लागला, तर चौथ्या क्वार्टरचे टीम फाउल पुसायचे नाहीत. तोच हिशेब पुढे चालतो.

आणखी एक वाद हल्ली दर स्पर्धेत ऐकू येतो. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनीच धडक मारली, तर तो फाउल टीम फाउलमध्ये धरायचा का? एनबीए पाहून आलेली मुलं (आणि त्यांचे पालकही!) ‘नाही’ म्हणतात. तिथे खरंच धरत नाहीत. आपल्या स्पर्धा फिबाच्या नियमांनी होतात आणि फिबात तो धरतात. फक्त त्यावर फ्री थ्रो मिळत नाही, समोरच्यांना थ्रो-इन मिळतो.

टेबलवाल्यांचं ऐकण्यात काही पंचांना कमीपणा वाटतो. का, ते मला कळलेलं नाही. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ मध्ये लिहिलेल्या तेरा नियमांतही फाउल टिपून ठेवणं आणि लागोपाठ तीन झाले की रेफ्रीला कळवणं, हे काम वेगळ्या माणसाकडे दिलं होतं. तेव्हा नियम होते जेमतेम तेरा. आज तर पुस्तक कितीतरी जाड झालंय.

पंचमित्रांनो, डेड बॉलला टेबलावरून बझर वाजला, तर चेंडू कुणाच्याही हातात देण्याआधी आमच्याकडे या.