कालव्यावर जातेस? ताईचं ऐक

अगं, इंग्लंडला गेलीस की नॅरोबोट, म्हणजे तिथली अरुंद, लांब बोट घेऊन एक दिवस कालव्यावर काढायचा, हे तुझं ठरलंय ना? मग आधी ‘किती मैल जायचं’ हा हिशेब डोक्यातून काढून टाक. तिथं वेगमर्यादाच ताशी ४ मैलांची. काठाला बांधलेल्या बोटी आल्या की त्याहूनही हळू जायचं, नाहीतर आपल्या बोटीनं ओढलेल्या पाण्यामुळे त्यांचे दोर ताणतात, खुंटे उपटून येतात. त्या बोटींत माणसं राहतात गं, तेवढी जाण ठेव.

मला विचारशील तर ऑक्सफर्ड कालव्याचा मार्स्टन डोल्स ते क्लेडन हा माथ्यावरचा पट्टा घे. ११ मैलांत एकही लॉक नाही, म्हणजे दरवाजे लावून पाणी भरत-सोडत बोट वर-खाली नेण्याचा खटाटोप नाही. ही दोन गावं सरळ रेषेत याच्या निम्म्याहूनही जवळ आहेत. पण जेम्स ब्रिंडलीनं हा कालवा आखताना टेकड्या फोडणं शक्यतो टाळलं, एकच उंची धरून त्यांना वळसे घातले. उत्तरेकडची वळणं १८३० च्या दशकात सरळ केली, इथली तशीच राहिली, आणि फार बरं झालं. चारेक तास नुसतं शेतांतून वळत राहायचं. भूक लागली की बोटी ओढणारे घोडे पूर्वी ज्या काठानं चालायचे, त्या बाजूला बोट बांध आणि निवांत जेव.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकललास की बोटीचं तोंड उजवीकडे वळतं. सुरुवातीला गोंधळ होईल, पण हात लवकर शिकतो. समोरून बोट आली तर उजवी बाजू धरायची.

आता मला खरी काळजी आहे ती क्लेडनची. तिथं पाच लॉक उतरायचे. प्रत्येकाच्या वरच्या दरवाजाशी, पाण्याखाली एक उंबरा असतो. पाणी उतरू लागलं आणि बोटीची मागची बाजू त्यावर टेकली, तर पुढची बाजू खाली जाते आणि बोट बुडू शकते. काठावरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढेच बोट ठेव. लॉकमधलं पाणी सोडणाऱ्या झडपा उघडायला जो काठावर उभा राहील, त्यानं गप्पा, फोटो सगळं बाजूला ठेवायचं आणि सुकाणूवरच्या माणसाकडे बघत राहायचं. त्यानं हात वर केला की झडपा लगेच बंद. एवढं मात्र निघण्याआधी घरातल्या सगळ्यांना बजावून सांग.