काकांची व्हॅन कूल करताना...

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे थर्मोडायनॅमिक्स मराठीत लिहायचं म्हणजे मला व्हायवापेक्षा कठीण! पण ज्यांच्यासाठी हा उद्योग केला ते माझे काका मराठी पुस्तकंच विकतात. मग त्यांच्या व्हॅनबद्दल इंग्रजी सेक्शनमध्ये कसं लिहिणार?

काका नागपूरला असतात. त्यांच्याकडे एक जुनी ओम्नी आहे. मागच्या भागात पुस्तकांची खोकी, त्यांना लागून एक फळी आणि त्यावर गादी. वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी असं फिरत ते पुस्तक प्रदर्शनं लावतात, आणि लॉजचे पैसे वाचवायला गाडीतच झोपतात. परदेशात याला कॅम्पर व्हॅन म्हणतात, आमच्या घरी याला काकांचा हट्ट म्हणतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी गाडीत आडवे झाले असताना त्यांना चक्कर आली, उलट्या झाल्या. शेजारच्या रसवंतीवाल्यानं पाहिलं म्हणून बरं, त्यानंच दवाखान्यात नेलं. दोन सलाईन लागल्या. घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाली, "गाडी विका." काका काहीच बोलले नाहीत. रात्री मला हळूच म्हणाले, "तू इंजिनीअरिंग करून राहिली ना? मग कर काही तरी."

आता आली का पंचाईत! टी.ई. मेकॅनिकलला असले तरी मी तोपर्यंत घरचा कूलरसुद्धा कधी उघडून पाहिला नव्हता.

आधी उष्णता मोजा

आपण सगळे एक चूक करतो. गरम होतंय म्हटलं की 'थंड कशानं करू?' असं विचारतो. खरा पहिला प्रश्न आहे, 'उष्णता येतेय कुठून?'

भर दुपारी उन्हातून दर चौरस मीटरला जवळजवळ १००० वॉट येतात. ओम्नीचं छत साधारण ३ चौरस मीटर धरा. म्हणजे नुसत्या छतावर ३ किलोवॉट पडतात. सगळी उष्णता आत येत नाही हे खरं, पण पत्रा तापतो आणि तव्यासारखा खाली उष्णता फेकत राहतो. काचांमधून येते ती वेगळीच. माणसाचं शरीर बसल्या बसल्या १०० वॉटच्या आसपास उष्णता देतं. म्हणजे गाडीतल्या गरमीत काकांचा स्वतःचा वाटा किरकोळ, खरा व्हिलन छत!

म्हणून पहिला खर्च थंड करण्यावर नाही, सावलीवर केला. छतापासून चार बोटं वर पांढरं कापड ताणलं, मधून वारा जाईल असं. काचांना आतून चकचकीत फॉइलची शीट लावली. बाहेर ४३ अंश असताना बंद गाडीत ५४ दाखवत होतं. सावली केल्यावर आणि दोन्हीकडच्या खिडक्या उघडल्यावर ते ४५ वर आलं. एक वॉटही वीज न वापरता ९ अंश कमी!

बर्फाचा डबा फसतो का?

थर्मोकोलच्या डब्यात बर्फ, वर छोटा पंखा, झाला एसी... ही आयडिया तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मीही तिथूनच सुरुवात केली. पाच मिनिटं मस्त वाटलं! मग कागद-पेन घेतलं.

१ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता खेचतो. १० किलोची लादी म्हणजे ३३४० किलोज्यूल. आता एक टनाचा एसी घ्या. हा 'टन' वजनाचा नाही. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तो वेग म्हणजे एक टन. तो येतो सुमारे ३.५ किलोवॉट. भागाकार करून बघा, १० किलोची लादी म्हणजे एक टन एसीची फक्त १६ मिनिटं! वितळलेलं गार पाणी वापरलं तरी २० मिनिटांच्या आसपास. काकांनी दुपारभर किती लाद्या आणायच्या?

मग खरा एसीच लावला तर? एक टनाच्या एसीला साधारण १००० वॉट लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १२०० वॉट-अवर असतात, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे उरला अर्धा-पाऊण तास. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवणं तर अजिबात नको. उभ्या गाडीत झोपलेल्या माणसाला कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही, जाग यायच्या आधीच जीव जातो. खर्चाचा विषय काढला तेव्हा काका हसून म्हणाले, "एसी लावला तर पुस्तकं काय मी एसीलेच विकू?"

पाण्याची लपलेली ताकद

आपण ज्याला लॅटंट हीट म्हणतो त्याला मराठी पुस्तकात 'अप्रकट उष्मा' म्हणतात, हे मला काकांनी सांगितलं. शब्द अवघड वाटला, पण अर्थ अगदी बरोबर आहे. उष्मा आहे, थर्मामीटरवर दिसत नाही. १ किलो पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता खेचतं. म्हणजे बर्फापेक्षा सातपट! आणि पाणी नळाला येतं.

कूलर याच तत्त्वावर चालतो. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातून बसवलेला एसी दिला खरा, पण तो फार महाग होता. तिकडच्या वाळवंटातून जाणारे साधे लोक पुढेही कितीतरी वर्षं गाडीच्या खिडकीला पाण्याचा नळकांड्यासारखा कूलर लटकवून प्रवास करत. आपल्याकडे तर खसच्या ताट्या त्याहून कितीतरी जुन्या.

पण कूलर सगळीकडे चालत नाही. मग कुठे चालेल हे आधी कसं ओळखायचं?

दोन थर्मामीटर

दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला सुती बुटाची नाडी गुंडाळून तिचं दुसरं टोक पाण्यात ठेवा. दोन्हींवर पंख्याचा वारा येऊ द्या. पाच मिनिटांनी दोन्ही वाचा. कोरड्याचं आणि ओल्याचं तापमान यांतला फरक म्हणजे तुमच्या कूलरचं भांडवल. चांगला कूलर या फरकाच्या ७० ते ८० टक्के वसूल करतो.

नागपूरला मे महिन्यात आम्हाला कोरडा ४३ आणि ओला २३ मिळाला. फरक २०. त्याचे ७० टक्के १४. म्हणजे कूलरमधून हवा २९ अंशांनी यायला हवी. आता मुंबई बघा. ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ओला थर्मामीटर २८ च्या आसपास थांबतो. फरक जेमतेम ५! तिथे कूलर लावला तर तीन-चार अंश मिळतील आणि वर चिकचिक फुकट. कोकणात किंवा पावसाळ्यात सावली आणि वाराच बरा.

आमची जुळणी

गाडीचं छत कापायचा मोह आवरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत असे बदल करण्यावर बंधनं आहेत. आम्ही एका प्लॅस्टिकच्या ड्रमला तीन बाजूंनी कापून वुड वूलच्या जाळ्या बसवल्या. चौथ्या बाजूला १२ व्होल्टचा २५ वॉटचा पंखा, तळाशी १० वॉटचा पंप. ड्रम गाडीच्या बाहेर, सावलीत, स्टुलावर. पंख्याचं तोंड सरकत्या दारातून आत, उरलेल्या फटीला पडदा. सहा तासांना २१० वॉट-अवर, म्हणजे वेगळी ठेवलेली एक बॅटरी आरामात पुरते. गाडी स्टार्ट करायच्या बॅटरीला हात लावायचा नाही. पाणी तासाला दीड लिटरच्या आसपास लागलं. बॅटरी घरचीच होती. बाकी थर्मामीटर, फॉइल, कापड धरून खर्च २०५० रुपये.

पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं सगळ्या खिडक्या बंद केल्या... आणि काका घामाघूम! कूलरची हवा आत आली की दमट जुनी हवा बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी चार बोटं उघडली आणि जमलं. कूलर गाडीच्या आत ठेवू नका तो याचसाठी. तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

दुसरी अडचण पुस्तकांची. कूलरची हवा ६५ टक्क्यांच्या आसपास दमट असते. काका म्हणाले, "मी थंड झालो आणि पुस्तकं फुगली तर उपयोग काय?" म्हणून खोक्यांवर प्लॅस्टिक आणि हवेचा झोत फक्त गादीवर. आणि आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून घासायचाच. डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतात.

रिझल्ट

बाहेर ४३, कूलरच्या तोंडाशी २९, गादीजवळ ३३. एसीवाले हसतील, पण ५४ मधून आलेल्या माणसाला विचारा!

तरी काकूचं समाधान झालं नाही, आणि तिचं बरोबर होतं. ४६ अंशांच्या दिवशी हाच कूलर गादीजवळ ३६ च्या खाली आणणार नाही. पंप बंद पडला तर पंखा नुसती गरम हवा अंगावर मारेल. म्हणून तिनं नियम घातला. दोन्ही थर्मामीटर गाडीतच टांगलेले राहतील, आणि कोरडा ४४ च्या वर गेला की दुपारी गाडीत थांबायचं नाही. नियम पाळला तर गाडी राहील, नाही पाळला तर विकायची. मी ज्याला डिझाइन लिमिट म्हणते ते काकूनं एका वाक्यात लिहून काचेवर चिकटवलं.

या मे महिन्यात माझी सबमिशन्स चालू असताना दुपारी दोन वाजता काकांचा चंद्रपूरहून फोन आला. हॅलो नाही, काही नाही. म्हणाले, "कोरडा ४६, ओला २५. मी वाचनालयात बसून राहिलो. काकूले सांगजो."

गाडी अजून विकलेली नाही. तुमच्या घरी कोणी असा हट्टी माणूस असेल तर आधी दोन थर्मामीटर आणि एक बुटाची नाडी घ्या. बाकीचं सामान त्यानंतर!