बीपी चांगलं आहे, पण श्वास मोजला का?

टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाचा तक्ता) हातात घेतला की मी आधी श्वासाची नोंद बघते. वॉर्डातल्या झाडून सगळ्या पेशंटचा श्वास 20 लिहिलेला असेल, तर तो कुणीच मोजलेला नाही हे समजायचं. सर्जिकल वॉर्डात अनेक वर्षं नाइट केल्यावर झालेलं हे माझं मत आहे.

आमच्याकडे एक काका होते. आतड्याला छिद्र पडून ऑपरेशन झालेलं, तिसरा दिवस. ओव्हर देताना 'स्टेबल आहेत' एवढंच सांगितलं गेलं. बीपी 112/70, ताप नाही, ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन 96. श्वास तिन्ही पाळ्यांत 20. सोबत नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सिस्टर, काका कालच्यासारखे वाटत नाहीत. विचारलं तर 'काही नाही गं' म्हणतात, पण सारखे चुळबुळताहेत."

दोघींनी घड्याळ लावून मोजलं. श्वास 28, नाडी 118. युरोबॅगेत लघवी जेमतेम.

तिने रेसिडेंट डॉक्टरांना फोन केला, "सर, काकांना बरं वाटत नाहीये." उत्तर आलं, "बीपी ठीक आहे ना? राउंडला बघतो." मी तिला पुन्हा फोन लावायला सांगितला, या वेळी आकड्यांसकट. डॉक्टर लगेच आले. आतड्याचे टाके गळत होते. पहाटे पुन्हा ऑपरेशन झालं. काका वाचले, पण आयसीयूत बरेच दिवस काढून.

बीपी चांगलं कसं होतं? जंतुसंसर्ग पसरला की रक्तात आम्ल वाढतं आणि ते उतरवण्यासाठी श्वास जोरात चालतो. हृदय धावून धावून बीपी सावरून धरतं. बीपी पडतं तेव्हा ही ताकद संपत आलेली असते. ऑक्सिजन चालू असला की सॅच्युरेशनही दिलासा देत राहतं.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आणलेली आणि 2017 मध्ये सुधारलेली 'न्यूज' ही गुणपद्धत इथे लावून बघा. श्वास 28 चे 3, नाडी 118 चे 2, ऑक्सिजन चालू असल्याचे 2. बीपी, ताप, शुद्ध आणि सॅच्युरेशन यांचे शून्य. बेरीज 7, म्हणजे तातडीचा इशारा. 'स्टेबल' म्हणून ओव्हर दिलेल्या पेशंटची ही अवस्था.

म्हणून मुलींनो, मुलांनो, काही गोष्टी अंगवळणी पाडा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, तोही नाडीवरची बोटं न काढता. आपण श्वास मोजतोय हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. आधीच्या पाळीचा आकडा स्वतः मोजल्यावरच बघा. मोजायला जमलंच नाही तर जागा रिकामी सोडा. ती पाहून कुणीतरी मोजायला तरी जाईल. पेशंट हृदयाच्या किंवा बीपीच्या गोळ्या घेतो का ते विचारा, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी नाडी दबलेलीच राहते. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी. 'आज हे वेगळेच दिसताहेत' असं घरचं माणूस म्हणालं, तर पुन्हा सगळं मोजा.

शंका आली की आधी ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगा, स्वतःच्या मनाने उपचारात बदल करू नका. डॉक्टरांना फोन करताना पेशंट कोण, ऑपरेशन कोणतं, आकडे आधी किती होते आणि आता किती, तुम्हाला कशाची भीती वाटते आणि 'सर, आत्ता येऊन बघा' हे याच क्रमाने बोला. फोनची वेळ नोटमध्ये लिहा. तरीही कुणी आलं नाही, तर सिस्टरना वरिष्ठांना कळवायला सांगा, मध्यरात्र असली तरी. झोपमोड झाली म्हणून कुणी रागावलं तर रागावू द्या.