पायीं पाहिलेली मुंबई

मुंबईस जाऊन आलेला मुलगा वर्गांत शिरला कीं त्याच्याभोंवतीं घोळका जमतो. 'काय काय पाहिलेंस?' असें विचारलें असतां तो दहा-बारा नांवें एका दमांत सांगतो. परंतु 'ह्या ठिकाणाहून त्या ठिकाणीं कसा गेलास?' असें विचारतांच बापडा गप्प बसतो. मोटारीच्या खिडकींतून एकामागून एक चित्रें सरकलीं, एवढेंच त्याला आठवत असतें. माझीहि पहिली मुंबई अशीच हातची गेली. म्हणून गेल्या हिवाळ्यांत नववीच्या सतरा मुलांस घेऊन जावयाचें ठरलें, तेव्हां मीं एकच अट घातली: एक दिवस, एक भाग, आणि सारें पायीं. कांहीं पालकांस ती रुचली नाहीं. "एवढा खर्च करून मुंबईस न्यावयाचें, आणि तेथें मुलांस रस्ते तुडवावयास लावावयाचें काय?" असें एका गृहस्थांनीं मला तोंडावर विचारलें. त्या वेळीं मला नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. हा लेख त्यांच्याचसाठीं आहे असें समजावें.

आम्हीं निवडलेला भाग म्हणजे फोर्ट, जुन्या मुंबईकरांच्या तोंडचा कोट. ह्या भागास खरोखरीच तट होता, आणि त्याला अपोलो गेट, चर्च गेट व बझार गेट असे तीन दरवाजे होते. सर बार्टल फ्रियर हे १८६२ सालीं गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकीर्दींत तो तट पाडण्यांत आला. ही गोष्ट मुलांस आगगाडींतच सांगून ठेविली होती, कारण तिच्यावांचून पुढचें कांहींच उलगडत नाहीं.

सकाळीं आठ वाजतां आम्ही छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर, रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलों. मोठी इमारत पाहावयाची तर आधीं तिच्यापासून दूर जावें लागतें. ह्याच परिसरांतील बोरीबंदराहून १६ एप्रिल १८५३ रोजीं उतारूंची पहिली गाडी ठाण्यास गेली. सध्यांची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्यांनीं आंखलेली. तिचें काम १८७८ सालीं सुरू झालें आणि दहा वर्षें चाललें. २००४ सालीं तिची जागतिक वारशांत गणना झाली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह व दुसरीकडे वाघ आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. परंतु मुलांचें लक्ष वेधलें तें भिंतींवरील मोरांनीं आणि माकडांनीं. ह्या नक्षीकामांत मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांचा हात होता. आंखणी परदेशी खरी, पण दगडांत उतरलेलीं पानेंफुलें व पशुपक्षी येथल्याच मुलांनीं रेखाटलेले, हें ऐकून आमची टोळी एकेक प्राणी मोजूं लागली. कचेरीकडे धांवत निघालेले एक गृहस्थ आमच्या माना वर पाहून थांबले, त्यांनींहि मान वर केली, आणि "वीस वर्षें येथून जातों, माकड आज दिसलें!" असें म्हणून हसत निघून गेले.

तेथून दादाभाई नौरोजी मार्गानें निघालों. हा रस्ता जुन्या तटाच्याच रेषेवरून जातो. दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या तळमजल्यास कमानींच्या ओवऱ्या आहेत, त्यामुळें पायीं जाणारास ऊन लागत नाहीं. हें सुख मोटारींतील मनुष्यास कधींच कळावयाचें नाहीं. रस्त्याच्या शेवटीं फ्लोरा फाउंटन. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवता. हें कारंजें १८६४ सालचें. शेजारींच संयुक्त महाराष्ट्रासाठीं प्राण दिलेल्यांचें स्मारक आहे: शेतकरी आणि कामगार, दोघांनीं मिळून धरलेली मशाल. ह्यावरूनच ह्या चौकास हुतात्मा चौक हें नांव मिळालें. येथें मुलें आपण होऊन गप्प झालीं.

एका मुलीनें मोबाइलांतील नकाशा पाहून विचारलें, "सर, चर्चगेट स्टेशन तर तिकडे पश्चिमेस आहे, मग तेथें चर्च कोठें आहे?" मी ह्याच प्रश्नाची वाट पाहत होतों. चर्च गेट नांवाचा दरवाजा ह्या कारंज्याच्या आसपास होता. त्यांतून आंत गेलें कीं सेंट थॉमस चर्चकडे जातां येई, म्हणून तें नांव. दरवाजा गेला, तट गेला. नांव मात्र आगगाडीच्या स्टेशनास चिकटून राहिलें. मुलांस तारखांपेक्षां ही गंमत अधिक आवडली, आणि तें योग्यच झालें.

सेंट थॉमसचा पाया १६७६ सालीं घातला गेला, काम चाळीसेक वर्षें रखडलें, आणि १७१८ च्या नाताळांत तें उपासनेसाठीं उघडलें. आंतील संगमरवरी स्मृतिशिला वाचतांना दूर देशीं मरण पावलेल्या माणसांचीं नांवें भेटतात. परंतु मला मुलांस सांगावयाचें होतें तें निराळेंच. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या रस्त्यांवर जे मैलांचे दगड रोवले गेले, त्यांवरील अंतर ह्या चर्चपासून मोजलेलें होतें. त्यांपैकीं कांहीं दगड पदपथांत अर्धेमुर्धे गाडलेले अजून आढळतात. म्हणजे शहराची मोजणी ज्या शून्यापासून सुरू झाली, तेथें आम्ही उभे होतों.

पुढें हॉर्निमन सर्कलच्या बागेंतून टाउन हॉलच्या पायऱ्यांशीं पोहोंचलों. १८३३ सालीं पुरी झालेली ही इमारत. आंत एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे, आणि पुढें धिप्पाड खांब आहेत. पायऱ्या मोजण्यास सांगितलें तों २९, ३० आणि ३१ अशीं तीन उत्तरें आलीं. पुस्तकांत ३० आहेत. सर्वांत वरची फरसबंदी पायरी धरावी कीं नाहीं, ह्यावर वाद माजला. तो मिटवून मीं मुलें मोजलीं, तों सोळाच!

ती दहा मिनिटें मी विसरणार नाहीं. 'एवढ्या गर्दींत मुलांस पायीं न्यावयाचें काय?' हें वाक्य माझ्या कानांत घुमूं लागलें. बागेंत पाहिलें, कमानींखालीं पाहिलें. अखेर तो सेंट थॉमसच्या फाटकापाशीं सांपडला. भिंतीला लागून, मान खालीं घालून, एकेक पाऊल सारखें टाकीत तो चालला होता. शून्यापासून टाउन हॉल किती पावलें हें त्याला मोजावयाचें होतें. एकदां मध्येंच आंकडा चुकला म्हणून तो पुन्हां पहिल्यापासून निघाला होता. मी त्याला भर रस्त्यांत रागें भरलों. सांगितल्यावांचून गेला ही चूक त्याची खरी. पण शून्याची गोष्ट सांगून त्याला मोजण्यास वेळ न देणें ही माझी.

काळा घोडा, वॉटसनचें जुनें लोखंडी सांगाड्याचें हॉटेल (येथेंच ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईकरांनीं हलतीं चित्रें प्रथम पाहिलीं), हीं स्थळें मग भराभर झालीं. उन्हें उतरतांना ओव्हल मैदानांत बसलों. पूर्वेस राजाबाई मनोरा, २८० फूट उंच, प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगीनें उभा राहिलेला व त्यांच्या मातोश्रींचें नांव मिरविणारा. त्याची आंखणी करणारे गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानांत कधीं आलेच नाहींत. पश्चिमेस समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवरचीं गोलसर सज्जांचीं, विसाव्या शतकांतील घरें. मध्यें क्रिकेट. दोन शतकें समोरासमोर पाहावयाचीं तर ह्याहून चांगली बैठक मला ठाऊक नाहीं. दिवसाची चाल तीन किलोमीटरांच्या आंतबाहेर झाली असेल.

तो मुलगा आतां दहावींत आहे. "सर, माझी मोजणी तेवढी राहिली," अशी आठवण तो मला अधूनमधून करून देतो.